बंदूक, बोट आणि किल्ली

कोकणातील जुन्या घरांत बंदूक ही दडवून ठेवण्याची वस्तू नव्हती. माजघराच्या भिंतीवर सांबराच्या शिंगांचा आधार करून तिला आडवी ठेवीत, दसऱ्याला तिच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहत, आणि काडतुसांचा पट्टा शेजारच्याच खुंटीला लोंबत असे. घरातील लहानथोरांच्या ती रोज दृष्टीस पडते म्हणून तिचे कुतूहल कोणाला उरत नाही, अशी त्या काळच्या वडीलधाऱ्यांची ठाम समजूत होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपले आणि भिंतीवरील शिंगेही कालांतराने उतरली. परंतु भातात शिरणाऱ्या रानडुकरांचा आणि नारळी-पोफळींत धुमाकूळ घालणाऱ्या वानरांचा उपद्रव त्यामुळे कमी झाला नाही, आणि शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिलेल्या एकनळी, दुनळी व ठासणीच्या बंदुका सिंधुदुर्गातील कित्येक घरांत आजही आहेत. घरे मात्र पूर्वीची राहिली नाहीत. वर्षातील बहुतेक दिवस ज्या घरात दोन वृद्ध माणसे असतात, तेच घर मे महिन्यात आणि गणपतीत मुंबई-पुण्याच्या नातवंडांनी भरून जाते. आणि या मुलांना बंदूक रोज दिसत नसल्यामुळे, जुन्या समजुतीत काही तथ्य असलेच तर तेही त्यांना लागू पडत नाही.

आमच्या गावातील डॉक्टरांच्या घरी हाच प्रश्न उभा राहिला. वडिलांच्या पश्चात त्यांची बारा बोअरची दुनळी वारसाच्या अर्जावरून डॉक्टरांच्या नावे झाली, आणि ती ठेवण्यासाठी बोटाच्या ठशाने उघडणारी, म्हणजे ज्याला आता सर्वत्र बायोमेट्रिक म्हणतात तशी तिजोरी घ्यावी असे त्यांच्या मनाने घेतले. या विचाराला विरोध केला तो तात्यांनी. तात्यांची उभी नोकरी जिल्हाधिकारी कचेरीत शस्त्रपरवान्यांचे दप्तर सांभाळण्यात गेलेली. परवान्यांची नूतनीकरणे, निवडणुकीच्या सुमारास पोलिस ठाण्यात जमा होणारी शस्त्रे, हरवलेल्या बंदुकांचे पंचनामे, हे सर्व त्यांच्या हाताखालून गेलेले. दोघांचा जो वाद झाला त्याला मी साक्षी होतो. तो येथे मांडतो, कारण ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे अशा प्रत्येकाने तो ऐकावा असे मला मनापासून वाटते.

"डॉक्टर," तात्यांनी आरंभ केला, "तुमच्या वडिलांनी ही बंदूक लोखंडी कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली जानव्याला बांधली आणि मरेपर्यंत ती जानव्यावरून उतरवली नाही. त्यांच्या हयातीत त्या बंदुकीचा बार त्यांच्या इच्छेवाचून कधी उडाला नाही. जी व्यवस्था इतकी वर्षे निर्वेध चालली, ती मोडून बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राच्या हवाली ही जोखीम करण्याचे प्रयोजन मला कळत नाही."

"प्रयोजन एवढेच, तात्या," डॉक्टर म्हणाले, "की माझ्या अंगावर जानवे नाही, आणि किल्ली मी कोठेही ठेवली तरी ती जागा माझ्या दहा वर्षांच्या मुलाला माझ्याआधी ठाऊक असते. देव्हाऱ्यामागे, डाळीच्या डब्यात, कपड्यांच्या घडीखाली, घरातील माणूस जेथे जेथे वस्तू लपवतो तेथे तेथे घरातील मूल एकदा तरी हात घालून आलेले असते. बोट मात्र माझ्याबरोबर फिरते. ते खुंटीवर विसरत नाही, आणि कोणाला उसनेही देता येत नाही."

हा युक्तिवाद बलवान आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. किल्लीचे सारे संरक्षण तिच्या जागेच्या गुप्ततेवर उभे असते आणि कुटुंब या संस्थेत गुप्तता फार काळ टिकत नाही. बोटाला माणसाची ओळख मानण्याची कल्पनादेखील आपल्याकडे उपरी नाही. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला तो पुढे त्याने कबुलायत नाकारू नये म्हणून, आणि कलकत्त्यात 1897 साली ठशांची जी कचेरी निघाली तिच्या वर्गीकरणपद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांची बुद्धी होती. परंतु कागदावर उमटलेला ठसा तज्ज्ञाने सावकाश तपासणे निराळे, आणि पेटीच्या दारावरील बोटाच्या पेराएवढ्या काचेने क्षणार्धात निवाडा करणे निराळे. तात्यांनी नेमके येथेच बोट ठेवले.

"रेशनच्या दुकानात जाऊन पाहा," ते म्हणाले. "अंगठा उमटत नाही म्हणून किती माणसे तिष्ठत उभी असतात! काजूच्या कारखान्यात बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी त्या चिकाने इतकी जळलेली असते की त्यांच्या रेषाच उरत नाहीत. चिरेखाणीवरच्या माणसाचे तेच, आणि उन्हातान्हात कुदळ मारणाऱ्या शेतकऱ्याचेही तेच. शेतीसंरक्षणाची बंदूक मुळात ज्याला लागते, त्याच्याच बोटावर हे यंत्र विश्वास ठेवायला तयार नाही. तुम्ही तर दिवसातून किती वेळा स्पिरिटने हात धुता!"

डॉक्टरांनी हे नाकारले नाही. ठसा घेणाऱ्या काचा मुख्यतः दोन जातींच्या असतात, असे त्यांनी समजावून सांगितले: एक प्रकाश टाकून रेषांचे चित्र घेते, दुसरी त्वचेच्या उंचवट्यांत आणि खाचांत विद्युत्भाराचा जो सूक्ष्म फरक पडतो तो मोजते. घामेजलेले बोट, सुरकुतलेले बोट, कोरडे पडलेले बोट या साऱ्यांनी दोन्ही जाती कमीअधिक गोंधळतात, आणि आषाढातील दमट हवेत येथे कोरडे बोट सापडणेच कठीण. म्हणून एकाच बोटाची नोंद वेगवेगळ्या कोनांतून अनेकदा करावी, दोन्ही हातांची बोटे नोंदवावीत आणि ती सकाळी, रात्री, ओल्या हाताने, काम करून आल्यावर अशी निरनिराळ्या वेळी पडताळून पाहावीत, हा त्यांचा उपाय. पण तो सांगताना त्यांनी जी दुसरी गोष्ट सांगितली ती मला अधिक महत्त्वाची वाटली. खऱ्या धन्याला नाकारणे आणि परक्याला स्वीकारणे या यंत्राच्या दोन चुका तराजूच्या दोन पारड्यांसारख्या आहेत. पहिली कमी करण्यासाठी कारखानदाराने यंत्र सैल केले की दुसरी वाढते. गिऱ्हाईक पहिल्या चुकीची तक्रार दुसऱ्याच दिवशी करते, दुसरी मात्र त्याच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे स्वस्त मालात मोह यंत्र सैल राखण्याकडेच झुकणार हे उघड आहे. जी पेटी पहिल्याच स्पर्शाला, कसेही बोट लावले तरी, विनातक्रार उघडते तिची विक्रेत्याने कितीही स्तुती केली तरी घेणाऱ्याने सावध व्हावे.

या बाबतीत अमेरिकेतून आलेला एक दाखला डॉक्टरांनी स्वतःहून पुढे ठेवला, आणि स्वतःच्या पक्षाला प्रतिकूल असलेला पुरावा न दडवण्याचा त्यांचा हा प्रामाणिकपणा नमूद केला पाहिजे. ऑक्टोबर 2023 मध्ये तेथील ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षितता आयोगाने फोर्ट्रेस या कंपनीच्या सुमारे 61,000 बायोमेट्रिक बंदूकपेट्या परत मागवल्याचे जाहीर केले; धन्याने आपल्या बोटाची नोंद केली आहे असे त्याला वाटत असतानाही पेटी नोंद नसलेल्या बोटाने उघडू शकत होती. या संबंधात एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा उल्लेख आयोगाच्या निवेदनात आहे. पुढे 2024 मध्ये आणखी काही कंपन्यांच्या पेट्या याच दोषापायी मागे घ्याव्या लागल्या. अशा पेट्या कारखान्यातून निघतात त्याच मुळी कोणत्याही बोटाला उघडतील अशा अवस्थेत, आणि नोंदणी अपुरी राहिली तर त्या तशाच राहतात, धन्याला तर त्या आपल्या बोटाने उघडताना दिसतातच; मग इतरांच्या बोटानेही त्या उघडतात हे त्याला कळणार कसे?

तात्या काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुलूप बंद आहे की नाही हे माझ्या वडिलांना ओढून पाहता येत होते. तुमच्या यंत्राने 'मी बंद आहे' असे म्हणावे आणि ते खोटे असावे, यापरते भयंकर काय?"

"म्हणूनच," डॉक्टर उत्तरले, "नोंदणी झाली की पहिले काम आपले बोट लावण्याचे नसून घरातील प्रत्येकाचे बोट लावून पाहण्याचे. पत्नीचे, आईचे, गड्याचे, आणि मुलाचे तर दहाही. एकाही बोटाला ती उघडली तर पेटी परत. बॅटरी काढून, नवी घालून पुन्हा तीच परीक्षा, कारण वीज गेल्यावर नोंद पुसून पेटी पुन्हा कारखान्यातल्या अवस्थेला जात नाही ना, हेही पाहिले पाहिजे."

माझ्या मते साऱ्या वादातील सर्वांत उपयुक्त वाक्य हेच. पेटी घेणारा नेहमी विचारतो की ती माझ्यासाठी किती लवकर उघडेल. जाहिरातींचा सारा भरही त्याच्यावरच असतो, जणू घरोघर मध्यरात्री दरोडेखोर दाराशी उभा आहे. तिची खरी कसोटी ती इतरांना किती निश्चयाने नाकारते येथे लागते. योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील त्सुतोमु मात्सुमोतो यांनी 2002 साली जिलेटिनची बोटे बनवून ठसा ओळखणारी यंत्रे फसवून दाखवली होती, आणि बोटाच्या कुलपाचे विरोधक तो प्रयोग अद्याप पुढे करतात. परंतु सिंधुदुर्गातल्या घरात जिलेटिनचे बोट घेऊन कोणी येणार नाही. येथे जो येणार तो वैशाखातील दुपारी सगळे वामकुक्षीला पडले असताना पाय न वाजवता येणारा घरातीलच मुलगा आहे, आणि पेटी त्याला नाकारण्यासाठी आहे.

त्या मुलाच्या हाती असलेली शक्ती क्षुल्लक समजू नये. मार्क वेबर टोबायस या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने 2012 मध्ये दाखवून दिले की काही लहान बंदूकपेट्या थोड्या उचलून आपटल्या तर दांड्याला अडवून धरणारा विद्युत्चुंबकाचा लहानसा खिळा हादऱ्याने क्षणभर मागे सरतो आणि दार उघडते. त्यासाठी ना ठशाची गरज, ना किल्लीची. सारी बुद्धिमत्ता काचेत आणि सारा दुबळेपणा त्या खिळ्यात! तेव्हा दांडा मोटरने सरकतो की केवळ अशा खिळ्याने अडलेला असतो, हे विक्रेत्याला विचारावे. त्याला ते ठाऊक नसेल तर ती पेटी त्याच्याकडेच राहू द्यावी. आतील बाजूला नवी नोंद करण्याचे जे बटण असते, त्याच्यापर्यंत बाहेरच्या एखाद्या भोकातून तार पोहोचते का, हेही दार उघडे ठेवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

पत्रा, वजन आणि बांधणी यांविषयी दोघांचे मतभेद नव्हते. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटासाठी बीएस 7558 हे मानक आहे आणि त्यात किमान दोन मिलीमीटर जाडीचा पोलादी पत्रा अपेक्षित आहे. आपल्याकडे दागिन्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा बायोमेट्रिक पेट्यांचा पत्रा हाताने दाबून पाहिला तरी पुरे. पेटी कितीही उत्तम असली तरी जमिनीला वा भिंतीला जखडली नाही तर चोर ती उचलूनच नेतो, आणि येथे तात्यांचा अनुभव कामी आला: जांभ्याच्या चिऱ्यात बोल्ट धरत नाही, चिरा भुगा होऊन सुटतो, म्हणून पेटी काँक्रीटच्या जमिनीत, आतून बोल्ट मारूनच बसवावी.

लांबीचा प्रश्न मात्र अनेकांच्या ध्यानातच येत नाही. बाजारातील बहुतेक बायोमेट्रिक पेट्या पिस्तुलाच्या मापाच्या असतात आणि आपल्याकडील परवान्याची बंदूक लांब नळीची. उभे कपाट घ्यायचे नसेल तर दुनळी मोडून ठेवता येते; पुढचे लाकूड काढले की नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात आणि नळ्या मावतील एवढ्या लांबीची पेटी पुरते. ठासणीच्या बंदुकीला ही सोय नाही, तिला उंच कपाटच लागते. मोडून ठेवलेली बंदूक कोणाच्या हाती पडलीच तरी तिची जुळणी न जाणणाऱ्याला ती निरुपयोगी ठरते, आणि हा लाभ कोणत्याही काचेच्या बुद्धिमत्तेपेक्षा मला मोठा वाटतो. ठेवण्यापूर्वी नळ्या पुसून तेल लावावे, पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्या आणि त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्या; खाऱ्या हवेत बंद पेटी गंजाचे घर होते, आणि बॅटरीचे चिमटेही तसेच गंजतात.

तात्यांचा सर्वांत गंभीर आक्षेप यानंतर आला. "डॉक्टर, तुमच्या मुलाला ही पेटी नाकारील, समजा मान्य केले. पण माझ्या दप्तरातील सर्वांत दुःखद कागद मुलांचे नव्हते. ज्याच्या नावे परवाना, त्याच्याच हाताने झालेल्या घटनांचे होते. कर्ज, आजार, भाऊबंदकी. एखादी रात्र अशी येते की माणूस स्वतःचा राहत नाही. किल्ली शोधण्यात, कुलूप काढण्यात निदान काही वेळ जात असे, आणि तेवढ्या वेळात कोणी हाक मारी. तुमची पेटी तिच्या धन्याला कधीच 'थांब' म्हणणार नाही."

डॉक्टर लगेच उत्तरले नाहीत. पुढे ते बोलले ते वैद्याच्या नात्याने. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किशोरांच्या आत्महत्या व अपघात यांचा बंदूक ठेवण्याच्या रीतीशी संबंध तपासला गेला. बंदूक कुलपात असणे, ती रिकामी असणे, काडतुसे कुलपात असणे आणि ती बंदुकीपासून वेगळ्या ठिकाणी असणे या चारही गोष्टी प्रत्येकी जोखीम कमी असण्याशी निगडित आढळल्या. "तो अभ्यास मुलांविषयी होता," ते म्हणाले, "पण मन कोसळण्याची घटका वयाने ठरत नाही, आणि ती बहुधा ओसरते, ती ओसरेपर्यंत अंतर राहिले पाहिजे. तुमचे म्हणणे मी स्वीकारतो. बंदूक बोटाच्या पेटीत राहील. काडतुसे तीत राहणार नाहीत. ती दुसऱ्या खोलीत, साध्या कुलपाच्या पेटीत, आणि त्या पेटीची किल्ली तिसऱ्याच जागी."

येथे दोन पक्षांची गाठ पडली असे मला वाटले. घाईचा सारा लाभ गमावूनही डॉक्टरांनी ही व्यवस्था पत्करली, आणि ज्याला रात्रीच्या रात्री भरलेली बंदूक हाती हवी असते त्याला ती पटणार नाही हेही मी जाणतो. त्याला मी एवढेच सांगेन की रानडुक्कर एक रात्र भात खाऊन गेले तर नुकसान पंचनाम्यात मावते.

उरला प्रश्न पेटीत कोणाची बोटे नोंदवावीत हा. विक्रेता अभिमानाने सांगतो की कुटुंबातील सर्वांची बोटे त्यात मावतात. नेमके तेच करू नये. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे अग्निशस्त्र बाळगण्याचा अधिकार परवानाधारकाचा आहे, आणि 2016 च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमीही तोच देतो. ज्याचे नाव परवान्यात नाही त्याचे बोट नोंदवणे म्हणजे त्या हमीला आपल्या हाताने छेद देणे होय. यावर डॉक्टरांच्या आईंनी, ज्या इतका वेळ मागील दारी फणस कापत सर्व ऐकत होत्या, आतूनच विचारले, "मग याच्या माघारी ती पेटी उघडायची कोणी?"

या प्रश्नाने यंत्राची चर्चा पुन्हा किल्लीपाशी आली. बहुतेक बायोमेट्रिक पेट्यांना अडचणीच्या वेळेसाठी किल्ली असतेच, आणि स्वस्त पेट्यांत ती बहुधा सर्वांत कमकुवत जागा असते. काचेसाठी पैसे मोजून जर ती किल्ली दाराशेजारच्या खुंटीला अडकवली, तर घेतलेली पेटी ही किल्लीचीच पेटी राहिली. तात्यांचे म्हणणे असे पडले की ती किल्ली लाखबंद पाकिटात घालून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. बॅटरी संपलीच तर बाहेरून वीज देण्याची सोय असलेलीच पेटी घ्यावी, म्हणजे किल्लीची आठवण एरवी कधी व्हायला नको. पाकिटात एक चिठ्ठी असावी, आणि तिचा मजकूर त्यांनी तेथेच तोंडी सांगितला: ज्याच्या हाती हे पाकीट पडेल त्याने पेटी स्वतः न उघडता प्रथम पोलिस ठाण्यात वर्दी द्यावी, आणि कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे शस्त्र विनाविलंब ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे. परवान्याचा क्रमांक आणि बंदुकीचा क्रमांक खाली.

आईंनी ती चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावी असे सांगितले. लिव्हरांचे चांगले कुलूप आणि अंगावरची किल्ली यांवर भागले असते, हे मत तात्यांनी सोडले नाही, आणि डॉक्टरांनी त्यांना ते सोडण्याचा आग्रहही केला नाही. तिजोरीची मागणी त्यांनी अद्याप नोंदवलेली नाही. विक्रेत्याने पेटी पावसाळा संपेपर्यंत परत घेण्याचे लेखी कबूल केल्याखेरीज आपण पैसे भरणार नाही, असे त्यांनी त्याला कळवले आहे, आणि तोवर बंदूक मोडलेल्या अवस्थेत जुन्याच लोखंडी कपाटात आहे, काडतुसे दुसऱ्या खोलीत.